सेकंडहँड ४०७ : घ्यावी की नको?

मे महिन्यात परीक्षा संपवून मी रोहिणखेडला काकांकडे गेलो, तर दारातच प्रश्न उभा. काकांनी बुलढाण्याला एक जुनी टाटा ४०७ पाहून ठेवली होती. २०१२ ची नोंदणी, मीटरवर १ लाख ८६ हजार किलोमीटर, मागणी साडेतीन लाख. मका आणि कापूस निघाला की दरवर्षी दुसऱ्याची गाडी भाड्याने धरावी लागते, आणि नेमका भाव चढलेला असतो त्या दिवशी ती मिळत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. पैशाची जुळवाजुळव म्हणजे थोडी शिल्लक, थोडं कर्ज आणि काकूची पोत.

“तू मेकॅनिकलले हायेस ना? मंग सांग, घेऊ का नोको?”

व्हायव्हामध्ये उत्तर चुकलं तर दोन मार्क जातात. इथे काकूची पोत जाणार होती. मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक असा काही ना काही व्यवहार निघतोच, आणि घरात एक ‘इंजिनिअर’ आहे म्हणून आपल्यालाच विचारलं जातं. म्हणून आम्ही काय काय तपासलं आणि माझं कुठे चुकलं ते लिहितो आहे.

पहिली गोष्ट मीटरची. १ लाख ८६ हजार हा आकडा ऐकून मला बरं वाटलं होतं. काकांनी सोबत घेतलेल्या मिस्त्रींनी तो ऐकलाच नाही. “मीटरले काय इचारता बाप्पा, मीटर तं दोन घंट्यात फिरते. गाडीले इचारा.” त्यांनी क्लच आणि ब्रेकच्या पेडलकडे बोट केलं. पेडलची रबरं कोरी करकरीत, आणि स्टिअरिंगची पकड मात्र घासून गुळगुळीत! एवढ्या कमी चाललेल्या गाडीची रबरं बदलायची वेळ का यावी?

पण समजा मीटर अगदी खरा आहे. तरी किलोमीटर हे इंजिनची झीज मोजायचं चांगलं माप आहे का? मी रात्री वहीत गणित मांडलं. ४०७ मधलं इंजिन टाटाचं ४९७ : चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १०० मिलिमीटर. (गुणाकार करून पाहा, २९५६ सीसी येतात.) टॉप गिअरमध्ये ताशी ६० ला इंजिन २००० आरपीएमवर आहे असं धरू. म्हणजे एका किलोमीटरला एक मिनिट, २००० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन १०० मिलिमीटर वर आणि १०० खाली, म्हणून किलोमीटरमागे ४०० मीटर घासत जातो. १ लाख ८६ हजारांचे झाले सुमारे ७४ हजार किलोमीटर. पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा, त्याही सिलिंडरच्या भिंतीला रिंग टेकवून!

आता हीच गाडी राजूर घाटात सेकंड गिअरमध्ये ताशी २० ने चढते आहे. आरपीएम तेच २०००, पण किलोमीटरला तीन मिनिटं. म्हणजे पिस्टन ४०० ऐवजी १२०० मीटर घासला. मीटरवर दोन्हीकडे एकच किलोमीटर पडला. बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून दोन तास उभं राहिलं तर मीटरवर शून्य. त्यात भर म्हणजे सगळी झीज सारखी नसते. पिस्टन अगदी वर पोचतो तिथे त्याचा वेग क्षणभर शून्य होतो, ऑइलचा पातळ थर तिथेच तुटतो, आणि लायनर तिथेच सर्वांत जास्त खाल्ला जातो. थंड इंजिन सुरू करताना आणि एअर फिल्टरमधून माती आत गेली की झीज आणखी वाढते. हायवेवर चार लाख धावलेली गाडी विटभट्टीवरच्या दोन लाखांच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच, न कळवता, आम्ही बुलढाण्याला पोचलो. आदल्या वेळी मालकाने आम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली होती. गरम इंजिन चटकन लागतं, त्यावरून काही कळत नाही. या वेळी मी आधी ब्लॉकला हात लावला, गार होता. स्टार्टर बराच फिरला तेव्हा गाडी लागली, तीही मे महिन्यात! सुरुवातीला पांढरा धूर, म्हणजे न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावर तो गेला. न जाता वाफेसारखा राहिला असता आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले असते, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी लागली असती. पण एक्सलरेटर दाबला की मागून निळसर धूर निघत होता. तो मात्र ऑइलचा.

मिस्त्री म्हणाले, “ब्लो मारते.” मी कॉन्व्हेंटवाला, पुस्तकातला ‘ब्लो-बाय’ तोंडपाठ, तरी हे तेच, हे समजायला मला अर्धा मिनिट लागला. त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. चांगल्या इंजिनवर ते नुसतं थरथरतं. इथे ते उडून खाली पडलं. सिलिंडरमधला गॅस रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये शिरतो आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. आपल्या लॅबमध्ये हे मोजायला किती खटाटोप करतो आपण, आणि इथे झाकणाने सांगितलं.

मग लोड टेस्ट. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. डिझेल आमचं, या बोलीवर मालक तयार झाला. टाकी तोंडोतोंड भरली, गाडी मोताळ्यावरून रोहिणखेडला आणली, काकांच्या मक्याची ५० किलोची ४० पोती भरली आणि राजूर घाटाने पुन्हा बुलढाण्याला. घाटात काळा धूर होता, पण टेंपरेचरचा काटा सरळ राहिला. गिअर निसटला नाही, क्लच सरकला नाही, मागच्या हाउसिंगमधून क्राउन-पिनियनचा आवाज नाही. या गोष्टी तिच्या बाजूच्या. परत टाकी भरली तर ९ लिटर लागले, आणि फोनवर अंतर ६८ किलोमीटर. सरासरी साडेसात. मालक दहा सांगत होता. (घाटाचा रस्ता आहे हे खरं, पण काकांना याच रस्त्यावर चालवायची आहे.)

इथे माझं मत पक्कं झालं होतं : नको. रिंगा गेलेल्या, ॲव्हरेज गेलेलं. वर्षाला २५ हजार किलोमीटर धरले तर साडेसात आणि दहा यांत ८३३ लिटरचा फरक पडतो. लिटरला ९० रुपये धरून ७५ हजार! मी हे ऐटीत काकांना दाखवलं. काकांनी वही नीट वाचली आणि विचारलं, “२५ हजार कोन चालवनार?”

खरंच की. काकांच्या वर्षाला फार तर ३० फेऱ्या. ७० च्या हिशेबाने २१०० किलोमीटर. तेवढ्यात जास्तीचं डिझेल ७० लिटर, म्हणजे ६३०० रुपये. तेच इंजिन, तोच दोष, पण एका माणसाला ७५ हजारांचा आणि दुसऱ्याला सहा हजारांचा. जो रोज भाडं मारणार आहे त्याने इंजिनच्या ॲव्हरेजसाठी जास्त पैसे मोजावेत, कारण त्याचा खरा खर्च डिझेलचा. ज्याची गाडी वर्षातून दोन महिने चालणार त्याचा खर्च गाडीच्या किमतीत आणि कागदपत्रांत. विमा, टॅक्स, आणि आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस, हे गाडी उभी असली तरी द्यावंच लागतं. १५ वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी तर एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली, आणि या गाडीची १५ वर्षं २०२७ मध्ये भरणार. हे मी माझ्या गणितात धरलंच नव्हतं.

शिवाय गेलेल्या रिंगांना इलाज आहे. रिंग, पिस्टन, लायनर, ज्याला गॅरेजवर ‘हाफ इंजिन’ म्हणतात, ते काम मोताळा-मलकापूरकडे कोणीही करतं. या गाडीचा पंप मेकॅनिकल. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाडीचे सेन्सर आणि कॉमन रेल आपल्या गावच्या गॅरेजमध्ये उघडणं कठीण. तेव्हा इंजिनच्या कामाचे पैसे किमतीतून तोडायचे आणि व्यवहार करायचा, असं ठरत आलं.

तेवढ्यात मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. मी दिवसभर बॉनेटमध्ये डोकं घालून होतो, खाली वाकलोच नव्हतो. त्यांनी मला बोलावलं. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसीला ताजा काळा रंग होता, बाकी सगळीकडे धूळ आणि जुना गंज. स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडला तर खाली वेल्डिंगची जाड रेघ निघाली. चेसीला तडा गेला होता. कधीतरी अडीच टनांच्या गाडीत चार टन भरले असणार. तडा वेल्ड केला की त्या जागेला उष्णता लागून शेजारचा पत्रा बदलतो, आणि पुढचा तडा बहुधा वेल्डच्या कडेनेच जातो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन शिकलो होतो ना आपण, ते हेच. दोन टन मका घेऊन घाटात वळताना तिथे काय होईल याचं गणित मला वहीत मांडावंसं वाटलं नाही.

“इंजिन तं बनते,” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “चेसी नाही बनत.”

मालकाने लगेच तीस हजार कमी केले. मग आणखी वीस. काकांनी चहा घेतला, मक्याचे पैसे मोजले आणि आम्ही एसटीने घरी आलो. काकू काही बोलली नाही, पण त्या रात्री शेवभाजी केली.

आता काकांनी मलकापूरला दुसरी एक पाहिली आहे. तीही ४०७. मीटरवर ४ लाख ११ हजार, मालक एकच, आणि पहिल्या वर्षापासून ऑइल बदलल्याची बिलं त्याने पिशवीत जपून ठेवली आहेत. गावातले लोक आकडा ऐकूनच नको म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मिस्त्री बघायला जाणार आहोत. टॉर्च मी इथूनच घेऊन जातो आहे.