दोन फोस्कारी

युरोपात 'ऑपेरा' नावाचा एक नाट्यप्रकार आहे. आपल्या संगीत नाटकात गद्य संवादांच्या जोडीला पदे येतात. ऑपेरात मात्र बहुधा सारे संवादच गाऊन सादर करतात. इटलीचा थोर संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी याचा 'दोन फोस्कारी' हा ऑपेरा ३ नोव्हेंबर १८४४ रोजी रोम येथे प्रथम रंगभूमीवर आला. इंग्रज कवी बायरन याने १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या नाटकावरून पियावे याने त्याची संहिता रचली. त्याचे कथानक असे आहे.

पंधराव्या शतकात व्हेनिस हे समुद्रावर सत्ता गाजविणारे वैभवशाली प्रजासत्ताक होते. त्याच्या निर्वाचित प्रमुखाला 'डोज' म्हणत. १४२३ पासून वृद्ध फ्रांचेस्को फोस्कारी या पदावर होता. परंतु खरी सत्ता 'दहांच्या मंडळा'च्या हाती होती. डोजचा पुत्र याकोपो याच्यावर दोनातो नावाच्या सरदाराच्या खुनाचा आळ आला आणि त्याला दूर क्रीट बेटावर हद्दपार करण्यात आले.

तेथे याकोपोने मिलानच्या स्फोर्त्सा या राज्यकर्त्यास एक पत्र लिहिले. ते मंडळाच्या हाती पडले. परक्या सत्ताधीशाशी संधान म्हणजे उघड राजद्रोह, असा त्याचा अर्थ लावला गेला. बायरनच्या नाटकात याकोपो स्वतःच त्या पत्राचे मर्म सांगतो. ते पकडले जावे याच हेतूने त्याने ते लिहिले होते. कारण चौकशीसाठी का होईना, आपल्याला व्हेनिसला आणतील आणि मातृभूमीचे दर्शन घडेल, एवढीच त्याची आशा होती. न्यायासनाला ज्यात द्रोह दिसला, त्या पत्रात वस्तुतः देशप्रेमच भरलेले होते!

मंडळात लोरेदानो नावाचा सरदार होता. आपल्या पित्याच्या व चुलत्याच्या मृत्यूस फोस्कारीच कारणीभूत आहे, असे तो धरून चालला होता. याकोपोची पत्नी लुक्रेत्सिया हिने सासऱ्यापुढे पदर पसरला. डोजचे डोळे पाणावले, परंतु कायद्यापुढे तो हतबल होता. बंदिशाळेत तो पुत्राला भेटला, तेव्हा पुन्हा एकदाच भेट होईल आणि त्या वेळी समोर पिता नव्हे, डोज असेल, असे त्याला सांगणे भाग पडले. सभागृहात लुक्रेत्सियाने आपली दोन बालके सर्वांसमोर आणून उभी केली. तरीही कोणाचे हृदय द्रवले नाही. पत्नी व मुले यांच्यावाचून एकट्यानेच क्रीटला परत जावे, अशी आज्ञा झाली.

गलबत निघून गेले. इकडे डोजच्या महालात दुसरे एक पत्र आले. एरित्सो नावाच्या इसमाने मरणसमयी दोनातोच्या खुनाची कबुली दिली होती. याकोपो निर्दोष ठरला! वृद्ध पित्याच्या मुद्रेवर आनंद उमटतो न उमटतो तोच लुक्रेत्सिया धावत आली. स्वदेशाचा किनारा सोडतानाच याकोपोने प्राण सोडले होते. त्याच दिवशी मंडळाने डोजकडून राजमुद्रिका काढून घेतली. नव्या डोजच्या निवडीची घंटा वाजू लागली आणि तिचे टोल ऐकत ऐकतच वृद्ध फोस्कारी गतप्राण झाला.

प्रत्यक्ष इतिहासात याकोपो क्रीट येथेच मरण पावला. त्याच वर्षी, म्हणजे १४५७ साली, पदच्युत झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या पित्यानेही देह ठेवला. कवीने हे दुःख एकाच दिवसात गुंफले आहे.

विद्यार्थिमित्रहो, पहिले पत्र वाचणाऱ्यांनी अक्षरे वाचली. लिहिणाऱ्याचे अंतःकरण वाचले नाही. दुसऱ्या पत्राने सत्य आले, पण ते ऐकण्यास याकोपो उरला नव्हता. कोणावर दोष ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याची बाजू ऐकावी. उशिरा कळलेले सत्य निरपराध्याचे नाव उजळते. त्याचा प्राण मात्र परत आणू शकत नाही.

स्वाध्याय
१. याकोपोच्या पत्राचे कोणते दोन अर्थ झाले?
२. डोजच्या मनातील पिता आणि राज्यप्रमुख यांचे द्वंद्व तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'पदर पसरणे', 'आळ येणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.