सैल नको, अति घट्टही नको : दिंडीची शेगडी आणि गीतेतला ‘युक्त’

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजचे दोन श्लोक तसे साधे आहेत. भगवंत अर्जुनाला सांगतात की जो खूप खातो त्याला योग साधत नाही आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. पुढच्या श्लोकात एकच शब्द तीनदा येतो : युक्त. आहार-विहार युक्त, कर्मातली धडपड युक्त, झोप आणि जागही युक्त. असं ज्याचं असेल त्याचा योग दुःख घालवतो.

‘युक्त’चा अर्थ आपण बहुतेक वेळा ‘बेताचं’ असा घेतो. पण हा शब्द ‘युज्’ या धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे जोडणं. म्हणजे युक्त म्हणजे नीट जोडलेलं. हे समजायला आज आपण दिंडीच्या स्वयंपाकाच्या ट्रककडे जाऊ.

ट्रकमधली शेगडी सैल का होते?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि अष्टमीला माऊलींची आळंदीहून. पुण्यात तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरतात, माऊली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात. तिथून माऊली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा लोणी काळभोरच्या वाटेने. वारकरी पायी चालतात, पण त्यांची राहुटी, भांडी, शिधा आणि गॅसची शेगडी ट्रकमधून पुढे जाते. पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर ती शेगडी रोज चढते, उतरते, पेटते आणि हादरे खाते. परदेशात सुट्टीला कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांच्या शेगडीचं दुखणंही नेमकं हेच असतं.

नट-बोल्ट धरून ठेवतो तो आट्यांमुळे, असं आपल्याला वाटतं. खरं तर आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळे आट्यांमध्ये घर्षण राहतं आणि जोड टिकतो. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्टला आडवे हादरे बसत राहिले की हे घर्षण क्षणभर सुटतं आणि नट थोडा थोडा उलटा फिरत जातो. एका हादऱ्यात काहीच दिसत नाही. शेकडो हादऱ्यांनंतर पाय डुगडुगतो. शेगडीला तर तापणं-थंड होणं हेही रोजचंच.

पण म्हणून जोर लावून आवळत सुटायचं का? शेगडीचा कॉक आणि जेट बहुधा पितळी असतात, पितळ मऊ. जास्त आवळलं की आटे जातात आणि मग तो जोड कधीच नीट बसत नाही. सैल जोड निदान आवळता येतो. आटे गेले की तो भागच बदलावा लागतो.

हाताने काय करावं, काय करू नये

ज्यांच्याकडे या वर्षी दिंडीत स्वयंपाकाची सेवा आहे, त्यांनी हे नीट वाचा.

१. आधी शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा. शेगडी ट्रकमधून खाली उघड्यावर घ्या.

२. पाय, भांडं ठेवायची जाळी, खालचा ट्रे, बाहेरचे स्क्रू हे आपण आवळू शकतो. योग्य मापाचा पाना घ्या, पक्कडीने नटाचे कोपरे गोल होतात. पायांना एकावर एक दोन नट लावले तर हादऱ्यात जास्त टिकतात. आत नायलॉन असलेला नट बर्नरजवळ लावू नका, उष्णतेने नायलॉन जातं.

३. नॉब सैल वाटला तर ओढून काढून बघा. बऱ्याचदा नॉबच झिजलेला असतो, आतला कॉक ठीक असतो. पण कॉकच हलत असेल तर तिथे थांबा.

४. ज्यातून गॅस वाहतो तो कुठलाही जोड, म्हणजे कॉक, जेट, आतली नळी, रेग्युलेटर, आपण उघडायचा नाही. ते एजन्सीच्या मेकॅनिकचं काम. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होऊन ज्योत बिघडते.

५. रबरी पाईपवर छापलेली मुदत बघा. भेग दिसली तर मुदतीची वाट न बघता बदला. दोन्ही टोकांच्या क्लिप तपासा.

६. सगळं जोडल्यावर, शेगडी न पेटवता, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नका.

७. शेवटी ज्योत बघा. निळी असेल तर ठीक. पिवळी असेल आणि भांड्याला काजळी धरत असेल तर गॅस पूर्ण जळत नाही, मेकॅनिकला दाखवा.

हे इतकं बारकाईने सांगायचं कारण आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर उडून जात नाही, ट्रकच्या तळाशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं तरी ठिणगी पुरते. आणि दिवसभर चालून दमलेली माणसं रात्री त्याच ट्रकच्या आडोशाला झोपतात. वास आला तर ट्रक सुरू करू नका, विजेचं बटण दाबू नका, माणसांना लांब न्या आणि मग तिथून १९०६ या गॅस हेल्पलाईनला फोन करा.

आता परत श्लोकाकडे

युक्त जोड म्हणजे योग्य ताण असलेला जोड. ताणच नसेल तर तो सुटतो, अति ताण दिला तर आटे जातात. बुद्धांनी सोण नावाच्या भिक्षूला वीणेच्या तारांचा दाखला देऊन हेच समजावलं होतं. तो चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता आणि मग निराश होऊन सगळं सोडायला निघाला होता.

आपल्यातल्या अनेकांचं असंच होतं. नव्या वर्षात ठरवतो : पहाटे चारला उठणार, रोज एक पूर्ण अध्याय, एकादशीला पाणीही नाही. वरून रात्री अकराचा ऑफिसचा कॉल आहेच. तीन आठवड्यांत शरीर बंड करतं आणि मग पोथी महिनोन् महिने कपाटात. आपण त्याला ‘भक्ती कमी पडली’ म्हणतो. बऱ्याचदा भक्ती कमी नसते, पाना जास्त फिरलेला असतो. ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी माऊली आहाराबरोबर बोलणं, चालणं आणि झोप यांचंही माप सांगतात. चालण्याचंसुद्धा! वारी टिकली ती धावणाऱ्यांमुळे नाही, मुक्कामाला मुक्काम करणाऱ्यांमुळे.

दुसरी गोष्ट. नीट आवळलेला जोडही हादऱ्याने सैल होतो. यात जोडाचा दोष नाही, रस्त्याचा स्वभाव आहे. म्हणून प्रत्येक मुक्कामी तपासायचं. मन सैल झालं म्हणून स्वतःला शिव्या देण्यात अर्थ नाही, पण न तपासता पुढे जाण्यातही नाही.

आणि तिसरी : कुठे थांबायचं ते ओळखणं. काही जोड आपल्या हाताचे, काही जाणकाराचे. सतत उदास वाटणं, झोप उडणं, उपासाने चक्कर येणं, हे जास्त जप करून आवळायचे स्क्रू नाहीत. डॉक्टरांकडे जा. तेही युक्तच आहे.

आजचा अभ्यास

आहार, काम, झोप, साधना. या चारांपैकी आज सैल काय आहे आणि अति आवळलेलं काय आहे, ते एका ओळीत लिहा. सैल असेल ते पाव फेरा आवळा. अति घट्ट असेल ते पाव फेरा सोडा. उद्या पुन्हा बघा.

पांडुरंगा, आमचा जोड तुझ्याशी युक्त राहू दे. राम कृष्ण हरी!