ताळेबंदाचे वाचन : कर्ज आणि मालमत्ता यांचे गुणोत्तर

पावणे येथील औद्योगिक वसाहतीत आपल्या अनेक पालकांची उमेद खर्ची पडली. आज काही माजी विद्यार्थी तेथेच नोकरी करतात, तर काहींनी स्वतःचे लघुउद्योग उभे केले आहेत. ज्या कंपनीत आपले श्रम वा बचत गुंतलेली असते, ती कंपनी किती कर्जावर उभी आहे, हे जाणण्याचे एक सोपे साधन म्हणजे कर्ज-मालमत्ता गुणोत्तर. शालेय गणित येणाऱ्या कोणालाही ते काढता येते.

कंपनीच्या ताळेबंदातील अल्प व दीर्घ मुदतीच्या कर्जांची बेरीज करावी आणि तिला एकूण मालमत्तेने भागावे. काही अभ्यासक कर्जाऐवजी सर्वच देणी धरतात. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना एकच पद्धत वापरावी.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. यंत्रे ६० लाखांची, माल १५ लाखांचा, ग्राहकांकडून येणे २० लाख आणि बँकेत ५ लाख, अशी त्याची मालमत्ता एक कोटीची आहे. कर्ज ४० लाखांचे आहे. गुणोत्तर झाले ०.४०. म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांच्या मालमत्तेतील चाळीस रुपये कर्जाचे. परंतु ग्राहकांकडील २० लाख बुडाले, तर मालमत्ता ८० लाखांवर येते आणि कर्ज तेवढेच राहून गुणोत्तर ०.५० होते. नवे कर्ज न काढताही कर्जाचा भार वाढतो, तो असा.

याचे मोठे उदाहरण मुंबईतच घडले. १९८७ साली स्थापन झालेला आयएल अँड एफएस हा समूह रस्ते, बोगदे, वीज अशा प्रकल्पांत पैसा गुंतवीत असे. २०१८ मध्ये त्याची मालमत्ता सुमारे १,१५,००० कोटी रुपये आणि कर्ज सुमारे ९१,००० कोटी रुपये होते. गुणोत्तर सुमारे ०.७९. याचा अर्थ असा की, मालमत्तेचे मोल एकपंचमांशाहून थोडे जास्त घसरले, तरी मालकांचे भांडवल शून्य होणार होते. तरीही २०१८ च्या मध्यापर्यंत समूहाच्या कर्जरोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. मालमत्तेत अडकलेल्या प्रकल्पांची येणी व समूहातल्याच कंपन्यांना दिलेली कर्जे होती. आणि अनेक वर्षांनी उत्पन्न देणाऱ्या कामांसाठी अल्प मुदतीची उसनवारी केलेली होती. सप्टेंबरमध्ये हप्ते थकले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलले. कामगारांच्या काही भविष्य निर्वाह निधींचा पैसाही या रोख्यांत अडकला होता.

म्हणून केवळ एका आकड्यावर निर्णय करू नये. वीज व रस्ते या क्षेत्रांत गुणोत्तर स्वभावतःच जास्त असते, सॉफ्टवेअर कंपनीत ते अल्प असते, आणि बँकेला हे माप जसेच्या तसे लावता येत नाही. कारण ठेवी हेच तिचे देणे असते. कंपनीची तुलना तिच्याच क्षेत्रातील इतरांशी आणि तिच्याच मागील पाच वर्षांशी करावी.

इतिहासाचा विद्यार्थी कोणताही दस्तऐवज हाती आला की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्यात काय वगळले, असे विचारतो. ताळेबंद हाही दस्तऐवजच आहे. त्याला तीन प्रश्न विचारावेत : मालमत्ता आज विकली, तर लिहिलेले मोल मिळेल काय? कर्ज केव्हा फेडावयाचे आहे? व्याज भरण्याइतका नफा दरवर्षी होतो काय?

सूचीबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल सर्वांना विनामूल्य पाहता येतात. बचत गुंतविण्यापूर्वी किंवा सहकाऱ्यांना सल्ला देण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांनी ते एकदा उघडावेत, एवढीच अपेक्षा. आपल्या घामाचा पैसा कोठे जातो, हे विचारण्याचा अधिकार आपलाच आहे.