'अंतिम यादी' म्हणजे कोणती?



शिष्यवृत्तीची यादी मागे एकदा आमच्याच शाळेत अडकली होती. अर्ज गोळा करणे, संगणकावर उतरवणे, दुबार नावे काढणे, उत्पन्नाचे दाखले तपासणे असे ते काम. उतरवणाऱ्याने आपले काम झाले म्हणून यादीला 'अंतिम' नाव दिले. पुढच्याला वाटले, दाखलेही तपासून झाले. यादी तशीच गेली आणि परत आली. मुदतीला दोन दिवस होते म्हणून निभावले, नाहीतर मुलांचे नुकसान झाले असते.

एका प्रोग्रॅममधून निघालेला डेटा थेट दुसऱ्यात सोडायचा, या रचनेला संगणकशास्त्रात पाइपलाइन म्हणतात. बागेतल्या रबरी नळ्यांसारखे प्रोग्रॅम जोडता यावेत, असे बेल लॅब्जमधील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली सुचवले. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ते करून दाखवले.

आपल्याकडे तर काळी नदीच आहे. डिग्गीकडे उगम, गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे सुपा धरण, पुढे बोम्मनहळ्ळी, नागझरीचे वीजगृह, कोडसळ्ळी, कद्रा आणि कारवारजवळ समुद्र. पाणी तेच, पण प्रत्येक ठिकाणाला वेगळे नाव आहे. नुसते "धरणाचे पाणी सोडले" म्हटले तर कद्र्याखालच्या माणसाने काय समजावे? संगणकवाले 'अपस्ट्रीम', 'डाउनस्ट्रीम' म्हणतात, तेही नदीचेच शब्द आहेत.

शब्द ओळखीचा असला की तो बरोबरच असतो असेही नाही. युनिक्समध्ये मधल्या प्रोग्रॅमला 'फिल्टर' म्हणतात. त्याला 'गाळणी' म्हटले की मुलांना वाटते, काहीतरी गाळले जाणारच. पण नावे अकारविल्हे लावणारा प्रोग्रॅमही फिल्टरच, आणि तो एकही नाव गाळत नाही. म्हणून आम्ही 'टप्पा' म्हणतो.

डेटाला मराठीत 'विदा' शब्द आहे, कन्नडात 'दत्तांश'. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे विदा म्हणजे निरोप आणि संस्करण म्हणजे आवृत्ती. 'विदा संस्करण' प्रथम वाचले तेव्हा निरोप समारंभाची दुसरी आवृत्ती निघाली की काय, असे वाटले! शब्द वाईट नाही, पण तीन भाषांच्या आपल्या तालुक्यात 'डेटा' सर्वांना कळतो, म्हणून शाळेत तोच ठेवला आहे.

यादीला आता झालेल्या कामावरूनच नाव द्यायचे: 'उतरवलेली', 'दुबार काढलेली', 'दाखले तपासलेली', 'सही होऊन पाठवलेली'. नावे लांबलचक आहेत, कार्यालयात कुरकुरही झाली. पण 'अंतिम' आणि 'तयार' हे दोन शब्द आम्ही बंद केले आहेत.

नववीच्या मुलांसाठी अभ्यास: वर्गाची रोजची हजेरी महिन्याच्या तक्त्यात जाईपर्यंत कोणत्या टप्प्यांतून जाते ते लिहा. प्रत्येक टप्प्यानंतरच्या कागदाला मराठीत व कन्नडात नाव द्या. मग ती नावे घरी कोणाला तरी वाचून दाखवा, आणि कोणते काम झाले व कोणते राहिले हे त्यांना नुसत्या नावावरून ओळखता येते का, ते पाहा.