विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्यामध्ये म्हण आहे. ज्यास स्वतःचे घर नाही तो जेथे जागा मिळेल तेथे मुक्काम करतो, असा तिचा अर्थ. म्हण खरी आहे. परंतु आपण रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तिच्यापुढे आणखी एक प्रश्न घालावयास पाहिजे. तो हा की, त्यास जागा देतो कोण?

आजच्या पाठात घरातील अडगळीविषयी विचार करावयाचा आहे. टापटीप म्हटली म्हणजे ती पाहुण्यांपुढे घर शोभून दिसावे एवढ्यापुरती आहे, किंवा ज्यांस सवड आहे अशा सुखवस्तू लोकांची ती हौस आहे, असे कित्येकांस वाटते. आपल्या भागात ती जिवाची गोष्ट आहे, आणि याची साक्ष आपल्याच जिल्ह्यातील आहे.

सन १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रोगी येत, आणि त्यांतील पुष्कळ, विशेषेकरून लहान मुले, डोळ्यांदेखत दगावत. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून, त्यांचे ठोके व रक्तदाब वरचेवर मोजून, हा मृत्यू कोणत्या वाटेने येतो हे टिपून ठेविले. त्यांस असे आढळले की, तांबड्या विंचवाचे विष अंगात भिनले म्हणजे हृदयावर विलक्षण ताण पडतो, रक्तदाब एकदम चढतो, आणि पुढे फुप्फुसात पाणी भरून रोगी गुदमरतो. त्यांचे हे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या विलायतेतील प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापून आले. पुढे प्राझोसिन नावाची, रक्तदाब उतरविण्याची एक साधी गोळी त्यांनी या रोग्यांस देऊन पाहिली. ज्या गंभीर दंशांत पूर्वी शेकडा २५ ते ३० रोगी मरत, त्यांत मरणाचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. आपल्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाड येथे हे काम चालविले, आणि २०२२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. आज विंचूदंशावरील उपचारात आपल्या या एका तालुक्यात शिकलेला धडा उपयोगी पडतो.

गोळी सापडली ही मोठी गोष्ट झाली. परंतु ती दंश झाल्यानंतरची आहे, आणि दंश होतो तो बहुधा घरात किंवा घराच्या भिंतीलगत.

हा प्राणी कसा राहतो ते समजून घेतले पाहिजे. विंचवाचे शरीर चपटे असते. म्हणून जेथे पैसा शिरेल अशी फट असेल तेथे तोही शिरतो. दिवसा तो काळोखात दडून बसतो व रात्री भक्ष्यासाठी निघतो. झुरळे, रातकिडे व इतर किडे हे त्याचे खाणे. तेव्हा त्यास दोनच गोष्टी लागतात, न हललेली काळोखी जागा आणि किड्यांचा पुरवठा, आणि अडगळीचा ढीग या दोन्ही पुरवितो. काळा मोठा विंचू दिसण्यात भयंकर, म्हणून लोक त्यास अधिक भितात. पण त्याहून लहान तांबडा विंचूच अधिक घातक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाच्या सरी पडू लागल्या म्हणजे तो अधिक दृष्टीस पडतो.

आता आपापल्या घराभोवती एक फेरी मारू या. मागील दारी पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकडे भिंतीस टेकवून रचिलेली असतात. त्यांच्या शेजारी नारळाची सोडणे, झावळ्या, शेणी. पडवीच्या कोपऱ्यात फाटकी जाळी, गंजलेले पत्रे, मोडकी खुर्ची. माळ्यावर काय आहे हे घरधन्यासही सांगता येत नाही. भिंत जांभ्या दगडाची, गिलावा अर्धवट. म्हणजे ढिगापासून घरात येण्यास वाटही तयारच आहे. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, आणि मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूस घरांची कौले उडाली, माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. फुटकी कौले आणि कापलेले वासे लोकांनी उपयोगी पडतील म्हणून घराशेजारी रचून ठेविले. त्या वेळी दुसरे करणार तरी काय? परंतु जे ढीग पुढे तसेच राहिले, ते आता कौलांचे ढीग नव्हेत.

येथे कोणी म्हणेल, “गरिबाने काहीच टाकू नये काय? आज टाकले आणि उद्या लागले तर पैसे कोठून आणावे?” हा आक्षेप योग्य आहे. काटकसर हा सद्गुण आहे, आणि फुटके कौल टाकून देणाऱ्यापेक्षा जपून ठेवणारा शहाणा. पण जपून ठेविलेली वस्तू व टाकलेली वस्तू यांत भेद कसा ओळखावा? जी वस्तू लागताच काळोखातही हाताला सापडते ती ठेविलेली होय. जी शोधण्यासाठी दहा वस्तू उपसाव्या लागतात, आणि अखेर न सापडल्यामुळे बाजारातून दुसरी आणावी लागते, ती आपण केव्हाच टाकून दिली आहे. फक्त उकिरड्यावर न टाकता घरात टाकली आहे. ज्या स्त्रीचे एक नाणे हरवले तिने दिवा लावला आणि घर झाडले, हा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या घरात आपल्या माळ्याएवढी अडगळ असती तर ते नाणे तिला सापडले असते की नाही, याची मला शंका आहे.

करावयाचे ते थोडेच आहे. लाकडे व शेणी घराच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच अशा माचावर ठेवाव्या, म्हणजे खालून झाडता येते. सरपण दिवसा काढून ठेवावे. दिवेलागणीनंतर ढिगात हात घालू नये. भिंतीच्या फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवाव्या. खुंटीवरचे कपडे अंगात घालण्यापूर्वी व अंथरूण पसरण्यापूर्वी झटकावे, वहाणा आपटून पायांत घालाव्या. मुलांस शक्य तर बाजेवर निजवावे, आणि बाज भिंतीस टेकवू नये. अंगणात कोंबड्या असतील तर त्या विंचू टिपतात. जो ढीग अवश्य ठेवावयाचाच आहे तो महिन्यातून एकदा हलवावा. कारण हलत्या ढिगात विंचू बिऱ्हाड करीत नाही.

हे काम घरच्या स्त्रीचे असे समजून पुरुषमंडळींनी हा पाठ मिटून ठेवू नये. जाळी, पत्रे, वासे व बिघडलेल्या यंत्रांचे भाग यांचा साठा कोणाचा असतो हे सर्वांस माहीत आहे. त्यास हात लावण्याचे धैर्य ती करील तर संध्याकाळी काय ऐकावे लागेल, हेही तिला माहीत आहे. नाताळापूर्वी दर्शनी भिंतीस रंग देणारे आपण पुष्कळ आहोत. मागील दाराकडे वळणारे थोडे.

सापाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अडगळीत उंदीर होतात, आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री घरात शिरते व जमिनीवर निजलेल्यास चावते; तिच्या दंशाची वेदना इतकी अल्प असते की पुष्कळदा झोपही मोडत नाही. करवंट्यांत व फुटक्या डब्यांत पावसाचे पाणी साचून डेंगीचे डास होतात, ते निराळेच.

इतके करूनही दंश झालाच तर मांत्रिकाकडे जाऊन वेळ दवडू नये, जखम कापू नये, दोरीने आवळून बांधू नये. तांबड्या विंचवाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: दंशाची जागा फार ठणकत नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. वांत्या होणे, घामाने अंग भिजणे, हातपाय गार पडणे ही विष भिनल्याची चिन्हे आहेत, आणि दंशाच्या जागी वेदना थोडी असूनही ती येतात. मूल असेल तर चिन्हांची वाटही पाहू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे, आणि दंश किती वाजता झाला ते डॉक्टरांस सांगावे. गोळीचे नाव वर दिले आहे म्हणून ती आणून घरी देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, आणि तो मोजणारा मनुष्य जवळ असावा लागतो.