हेल्पची फाईल उघडेना तेव्हां

आपल्या जिल्ह्यांतील नळदुर्गचा किल्ला व त्यांतील पाणीमहाल कोणास ठाऊक नाहीं? त्याच किल्ल्याच्या तटाचा आराखडा संगणकावर काढण्याचें काम आम्ही इयत्ता नववीस दिलें होतें. एका मुलास बुरुजाची गोलाई साधेना, म्हणून त्यानें सॉफ्टवेअरमधील हेल्प पाहण्यासाठीं एफ-१ ही कळ दाबली. डावीकडे अनुक्रमणिका दिसली. उजवीकडे मात्र पान उघडतां येत नाहीं, एवढीच सूचना उमटली. यानेंच कांहीं तरी बिघडविलें असावें असें समजून आम्ही त्यास चार शब्द सुनावले. पुढें कळलें कीं, चूक त्याची नसून आमची होती. असा प्रसंग आल्यास क्रमानें काय पाहावें, तें येथें सांगतों.

प्रथम फाईलची जात पाहावी. नांवाच्या शेवटीं ‘एचएलपी’ अशीं अक्षरें असल्यास ती जुन्या पद्धतीची होय. २००७ सालीं विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती वाचणारा प्रोग्रॅम सोबत येईनासा झाला, व विंडोज १० साठीं तर तो निघालाच नाहीं. अशा वेळीं सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांकडून नवी हेल्प किंवा पीडीएफ मिळवावी.

शेवटीं ‘सीएचएम’ असल्यास ती अनेक पानें दाबून भरलेली एक पेटीच समजावी. अशा पेटींतून घातक प्रोग्रॅमही चालवितां येतो. म्हणून जून २००५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें असा बंदोबस्त केला कीं, नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर ठेवलेल्या पेटींतील पानें उघडूं नयेत. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाईलवरही परकेपणाची खूण बसते व पानें अडविलीं जातात. अनुक्रमणिका दिसते, पण पान दिसत नाहीं, तेव्हां पेटी बहुधा शाबूत असते. तिला दारावर अडविलेलें असतें, इतकेंच.

यावर उपाय सोपा आहे. फाईल आपल्याच संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. तिच्यावर माऊसचें उजवें बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावें, ‘अनब्लॉक’पुढें खूण करावी व ओके म्हणावें. मात्र फाईल खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल तरच असें करावें. पहारा उगाच बसविलेला नसतो. फोल्डरच्या नांवांत ‘#’ हें चिन्ह असल्यासही पान उघडत नाहीं. तें काढून टाकावें.

कित्येक सॉफ्टवेअरांत हेल्प संगणकावर नसतेच. उदाहरणार्थ, ऑटोकॅडची हेल्प इंटरनेटवरून येते. इंटरनेटविना वापरावयाची हेल्प निराळी बसवावी लागते. जेथें इंटरनेट वरचेवर जातें, तेथें ही तजवीज आधींच करावी.

आमच्याकडे काय घडलें होतें? डिस्कवरील जागा वांचावी म्हणून हेल्पचें फोल्डर आम्हींच शिक्षकांच्या संगणकावर हलविलें व मुलांस तें नेटवर्कवरून जोडून दिलें होतें. पुन्हां सॉफ्टवेअर बसवूनही गुण आला नाहीं, कारण जोडणी तीच राहिली. शेवटीं फाईल प्रत्येक संगणकावर उतरविली, तेव्हां पानें उघडलीं. त्या मुलानें बुरुज पुरा केला, व आम्ही वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली.

वस्तु मोडली आहे कीं केवळ अडली आहे, हें आधीं पाहावें. दोष कोणास द्यावयाचा, तें मागाहून.