वृद्धांचा व्यायाम



व्यायाम हा शब्द ऐकतांच आम्हां वऱ्हाडांतील लोकांना इ. स. १९१४ मध्यें स्थापन झालेलें अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवतें, आणि मल्लखांब करणारे तरुण डोळ्यांपुढें उभे राहतात. त्यामुळें व्यायाम हें तरुणांचेंच काम, असा समज रूढ झाला आहे. परंतु व्यायामाची निकड घरांतील आजी-आजोबांस अधिक असते, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कापूस वेचणें, निंदणें, जमिनीवर बसणें व उठणें, यांतच पायांस जन्मभर व्यायाम होतो. शेत सुटलें कीं तोही सुटतो. मग एखादे दिवशीं आजी न्हाणीघरांत घसरून पडते, आणि घरचीं माणसें मायेनें म्हणतात, "आतां बाजेवरच बसून राहा, लागेल तें आम्ही हातांत देऊं." या मायेंतच धोका आहे. न वापरलेले स्नायु झपाट्यानें झिजतात. पाय दुबळे झाले कीं भीति वाढते, भीतीनें चालणें कमी होतें, आणि माणूस पुन्हा पडतो.

हें चक्र उलट फिरवितां येतें काय? निश्चित येतें. इ. स. १९९० मध्यें अमेरिकेंतील बोस्टन येथें नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम देण्यांत आला. ज्यांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें अडीच पटींहून अधिक झाली. पुढें न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं घरीं करावयाचे व्यायाम ठरविले, व त्यांनीं ऐंशी वर्षांवरील स्त्रियांचें पडणें कमी झालें. २०१९ मध्यें अनेक देशांतील प्रयोग एकत्र तपासतां, व्यायामानें पडण्याचें प्रमाण सुमारें पाव हिश्श्यानें घटतें, असें आढळलें.

व्यायाम साधे आहेत :

१. भिंतीस टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून पांच वेळां सावकाश उठणें व बसणें.

२. ओट्याची कड धरून टांचा उचलणें.

३. भिंतीजवळ, एक पाऊल दुसऱ्याच्या पुढें ठेवून दहा अंक मोजेपर्यंत उभें राहणें.

४. अंगणांत रोज थोडें चालणें.

या वेळीं जवळ कोणी तरी असावें. चक्कर येत असल्यास किंवा छातींत दुखत असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. पडल्यावर पायावर भार देववत नसेल, तर तो चोळूं किंवा ओढूं नये. हाड मोडलें असण्याचा संभव असतो, म्हणून तत्काळ रुग्णालयांत न्यावें. शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट सांगतील तसें लवकर उठून चालणेंच हितकर होय.

घराकडेही पाहावें. न्हाणीघर कोरडें ठेवावें, रात्रीं वाटेंत दिवा असावा, सैल चपला टाकून द्याव्या, आणि निजून उठतांना क्षणभर बसूनच मग उभें राहावें.

विद्यार्थ्यांनो, या सुटींत एक वही करा. अर्ध्या मिनिटांत आजी किंवा आजोबा खुर्चीवरून किती वेळां उठतात, तें दर रविवारीं तींत लिहा. आरंभीं आंकडा दोन किंवा तीनच असेल. त्याची लाज नको. ज्यांचें बोट धरून तुम्ही चालावयास शिकलां, त्यांनींही तुमचीं पावलें अशींच मोजलीं होतीं.